मूळ जमिनीतच राहू द्या: नेरळच्या भातखाचरांतलं एक प्रकरण

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात जुलैचा पहिला पंधरवडा म्हणजे सगळ्यांना सगळं एकाच वेळी हवं असण्याचे दिवस. पाऊस लागलेला असतो, राबातली, म्हणजे भाजलेल्या जागेवरच्या रोपवाटिकेतली, रोपं काढायला आलेली असतात, आणि पॉवर टिलर मात्र मोजकेच. बैलजोड्या कधीच गेल्या. ज्याच्या खाचरात पाणी भरलं त्याला आज चिखलणी हवी, म्हणजे पाण्यात माती ढवळून चिखल करून हवा, उद्या लावणीला बाया हव्यात. त्याच दिवशी शेजारच्यालाही हेच हवं असतं. पाऊस चार दिवस दडी मारून बसला की रोपं वाढून जातात. कोसळला की केलेला चिखल बांध फोडून ओढ्याला लागतो. माझं लहानपण याच पट्ट्यात गेलं. दर पावसाळ्यात आजीच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असत आणि रात्री ती त्यांवर हळद-तेल लावत बसे. भात म्हटलं की हे आलंच, असं आम्ही सगळे धरून चालायचो.

हे धरून चालणं जिथे थांबलं ते ठिकाण याच तालुक्यात आहे. माथेरानच्या पायथ्याशी, नेरळला, सगुणा बाग. चंद्रशेखर भडसावळे अमेरिकेत शिकून परतले आणि त्यांनी ही वडिलोपार्जित शेती हाती घेतली. लोक तिला कृषिपर्यटनासाठी ओळखतात, मुंबईच्या शाळांच्या सहली तिथे येतात. पण माझ्या मते तिथलं खरं मोलाचं काम पर्यटकांना दिसत नाही. ते गादीवाफ्यांच्या, म्हणजे उंच केलेल्या सपाट वाफ्यांच्या, पोटात आहे. २०१० नंतरच्या वर्षांत तिथे भाताची एक पद्धत घडत गेली. तिला सुरुवातीला ‘सगुणा राइस टेक्निक’ म्हणत, थोडक्यात एसआरटी. भाताबाहेरच्या पिकांतही ती वापरली जाऊ लागल्यावर तीच अक्षरं ठेवून ‘सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक’ हे नाव आलं. या पद्धतीत नांगरणी नाही, चिखलणी नाही, राब नाही, लावणी नाही.

चिखलणी मुळात कशासाठी

चिखलणी ही अडाणीपणाची खूण नव्हे, हे आधी मान्य करायला हवं. तिच्यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे. मातीचे कण विस्कटले की ते खाली बसतात, छिद्रं बुजतात, पाणी झिरपायचं थांबतं. साचलेल्या पाण्याखाली तणाचं बी बहुतेक रुजत नाही. मऊ चिखलात रोप बोटाने टोचता येतं. म्हणजे पाणी धरणं, तण दाबणं आणि लावणी सोपी करणं, ही तीन कामं एकदम होतात.

किंमत मात्र मातीने मोजलेली असते. मातीचे कण सुटे नसतात. बुरशीचे धागे, जिवाणूंचे चिकट स्राव, गांडुळांची विष्ठा आणि बारीक मुळं त्यांना एकत्र बांधून रवाळ ठेवतात. फावड्याने ढेकूळ उचलून हाताने मोडलं तर ते ज्वारीच्या भाकरीसारखं भुगभुगीत तुटावं, ही चांगल्या मातीची खूण. चिखलणी ही बांधणी दरवर्षी मुद्दाम मोडते. फाळाची किंवा टिलरची पाती जिथवर जातात तिथे खाली कडक थर तयार होतो. भात निघाल्यावर जमीन सुकते, भेगाळते, दगडासारखी होते, आणि मागून पेरलेल्या वालाचं किंवा हरभऱ्याचं मूळ त्या थरावर येऊन आडवं पसरतं. शिवाय माती जाते ती वेगळीच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. तो सैल केलेल्या चिखलावर पडला की काय होतं हे जुलैत उल्हास नदीच्या पुलावर उभं राहिलं तरी कळतं. पाण्याचा तो रंग म्हणजे आपल्याच खाचरांची वरची साय.

राबाचंही तसंच. रोपवाटिकेसाठी जागा भाजायची म्हणून झाडांच्या फांद्या, पातेरा, गवत, शेणी गोळा करून मे महिन्यात पेटवायच्या. तण मरतं, थोडी राख मिळते. पण ज्या पाचोळ्याचा जमिनीत कुजून ह्यूमस व्हायचा, त्याचा धूर होतो आणि डोंगरउतारावरची झाडं दरवर्षी खरडली जातात.

काय केलं

पद्धत ऐकायला सोपी आहे. पहिल्या वर्षी एकदाच जमीन चांगली नांगरून, भुसभुशीत करून गादीवाफे पाडायचे. वाफ्याचा माथा सुमारे १०० सेंटिमीटर रुंद, आणि एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत १३६ सेंटिमीटर. पावसाच्या तोंडावर या माथ्यावर लोखंडी साचा टेकवून दाबायचा. त्याच्या खुंट्यांनी २५ बाय २५ सेंटिमीटरवर भोकं पडतात. प्रत्येक भोकात तीन-चार दाणे आणि थोडं खत टाकून मातीने झाकायचं. पेरणीनंतर तण उगवण्याआधी चालणारं तणनाशक मारायचं. पीक तयार झालं की जमिनीलगत कापायचं. धसकट आणि मुळं उपटायची नाहीत, हलवायचीही नाहीत. कापणीनंतर दोन-तीन दिवसांत धसकटांतून पुन्हा फुटवे येऊ लागतात. ते मारण्यासाठी ग्लायफोसेट नावाचं तणनाशक. मग त्याच वाफ्यावर वाल, मूग, हरभरा, भुईमूग किंवा भाजी. पुढच्या जूनमध्ये पुन्हा साचा. नांगर पुन्हा लावायचाच नाही.

कोकणात याआधीही भात सुधारण्याचे प्रयत्न झाले. चारसूत्री पद्धतीने ठरावीक अंतरावरची लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या गावोगाव नेल्या, त्याचा उपयोगही झाला. पण चारसूत्रीने लावणी सुधारली. एसआरटीने ती काढूनच टाकली. हा फरक मोठा आहे, कारण शेतकऱ्याच्या गळ्याशी येणारी गोष्ट लावणीच होती.

वाकायला लागतं ते साचा उचलताना आणि दाणे टाकताना. तेही दोन-चार माणसांचं काम, उघडिपीच्या दिवसात, कोरड्या पायाने.

मुळांचं काय होतं

या प्रकरणाचा गाभा मला मुळांत दिसतो. भाताच्या एका चुडाची, म्हणजे एका जागच्या ठोंबाची, मुळं शेकड्यांनी असतात. ती जागच्या जागी कुजली की जमिनीत बारीक नळ्यांचं जाळं मागे राहतं. त्या नळ्यांतून पहिल्या पावसाचं पाणी आत जातं आणि हवाही जाते. गांडुळांना खाद्य मिळतं, आणि त्यांची बिळं फाळाखाली येत नसल्यामुळे टिकतात. वरून कितीही शेणखत घातलं तरी ते वरच्या चार बोटांत राहतं; मुळं मात्र सेंद्रिय पदार्थ थेट खोलवर, हव्या त्या जागी पोचवतात, आणि तेही वाहतुकीच्या खर्चाशिवाय. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आपल्या शेतातल्या अनुभवावरून हेच वर्षानुवर्षं मराठीत सांगत आले आहेत: मागच्या पिकाचे जमिनीखालचे अवशेष हेच पुढच्या पिकाचं खत.

मातीतल्या मायकोरायझा बुरशीचे धागे मुळांपासून दूरवर पसरतात आणि रोपाला स्फुरद आणून देतात. त्यांच्याशी जोडलेला ग्लोमॅलिन नावाचा चिकट पदार्थ अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या सारा राइट यांनी १९९६ मध्ये ओळखला. मातीचे कण रवाळ धरून ठेवण्यात त्याचा वाटा मानला जातो. हे धागे केसाहून बारीक असतात. नांगराच्या एका फेरीत त्यांचं जाळं तुटतं. आपण दरवर्षी घर पाडतो आणि मग आतली माणसं का राहत नाहीत म्हणून विचारतो.

एसआरटीच्या वाफ्यातला चूड उपटून पाहिला तर मुळं पांढरी दिसतात. सतत पाण्याखालच्या खाचरातली मुळं तांबूस-तपकिरी असतात, त्यांच्यावर लोहाचं पुट चढलेलं असतं. पांढरं मूळ म्हणजे हवा मिळालेलं मूळ. लावणीच्या भाताला आणखी एक दुखणं असतं: रोप राबातून उपटताना त्याची मुळं तुटतात आणि नव्या जागी सावरायला आठ-दहा दिवस जातात. जागेवरच रुजलेल्या रोपाला हा धक्का बसत नाही, म्हणून हे भात आठवडा-दहा दिवस आधी कापणीला येतं. परतीच्या पावसात उभं पीक लोळताना ज्याने पाहिलंय त्याला या दहा दिवसांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

हवामानाच्या अंगानेही इथे काही घडतं. पाण्याखालच्या, हवा नसलेल्या चिखलात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वाढतात, आणि भाताच्या पोकळ देठातून तो वायू वर येतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट तापवणारा. वाफ्यावर हवा खेळती राहिली की तो कमी होतो. मात्र हवेशीर जमिनीत नत्राचं खत बेहिशेबी टाकलं तर नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो, आणि तो वायू मिथेनपेक्षा कितीतरी भारी आहे. म्हणून ‘भात हवामानस्नेही झालं’ असं फलकावर लिहिण्याआधी युरियाची गोणी कुठे रिकामी होते तेही पाहावं लागेल.

पहिलं वर्ष

पद्धत सोडून देणारे बहुतेक पहिल्याच वर्षी सोडतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. जमीन अजून जुनीच असते, बांधणी झालेली नसते. पेरून झालं आणि दुसऱ्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस आला तर दाणे कुजतात किंवा वाहून जातात. उंदीर आणि पाखरं टपलेली असतात. पेरभातात कोवळी पानं पिवळी पडतात, कारण हवेशीर मातीत लोह रोपाला सहज मिळत नाही. पाणी साचलं की तेच लोह विरघळतं. फेरस सल्फेटची फवारणी केली की रंग परत येतो, पण तोवर शेजारी बांधावर उभे राहून मान हलवून गेलेले असतात. खेड्यात पिवळ्या पिकापेक्षा ती मान जास्त टोचते.

सगळ्या जमिनींना ही पद्धत सारखी मानवतही नाही. ओढ्याकाठच्या खोलगट खलाटीत, जिथे कमरेइतकं पाणी दिवसच्या दिवस उभं राहतं, तिथे गादीवाफा बुडतो आणि त्याचा मुद्दाच संपतो. रानभात ही दुसरी अडचण. तो दिसायला भातासारखाच, दाणे पिकण्याआधी गाळून टाकणारा. चिखलात तो बराच दबतो, पेरभातात माजतो. आणि खोडकीड: तिच्या अळ्या धसकटात दडून राहतात, म्हणून कापणीनंतर नांगरून धसकटं वेचून नष्ट करा, असंच कृषी विद्यापीठं आजवर सांगत आली. इथे नेमकं उलट करायचं आहे. जमिनीलगत कापणं, पीक पालटणं आणि कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवणं, एवढं तरी करायलाच हवं. नुसती धसकटं राखून भागत नाही.

तणनाशकाचा प्रश्न

आता जिथे माझं मन अडतं तिथे येतो. मातीत जीव परत यावा म्हणून चाललेल्या शेतीत ग्लायफोसेट कसं बसतं?

सगुणा बागेची बाजू समजून घेण्यासारखी आहे. नांगराने होणारं नुकसान दरवर्षी, संपूर्ण जमिनीचं, खोलवर होतं. तणनाशक वरच्या हिरव्यावर पडतं, मूळ जागेवर मरतं आणि तेच खत होतं. तिथल्या वाफ्यांत गांडुळांची वाढ दिसते, ती त्यांच्या बाजूची मोठी साक्ष. कोकणच्या पावसात खुरपणीला माणूस मिळत नाही हेही खरं. मी हा युक्तिवाद झटकून टाकत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. अमेरिका आणि युरोपच्या नियामक संस्थांचा निष्कर्ष वेगळा आला आणि वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. म्हणजे गडी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, अनवाणी, पाठीवर पंप घेऊन फवारतो तेव्हा तब्येत आणि नियम दोन्ही धाब्यावर बसवलेले असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर मेले. ती कीटकनाशकं होती, ग्लायफोसेट नव्हे. पण पाठीवरचा पंप आणि उघडे हात तेच होते.

ब्राझील आणि अर्जेंटिनात कोट्यवधी हेक्टरांवर विनानांगरणी शेती आहे. तिथली माती वाहून जाणं कमी झालं, हे मान्यच. पण एकाच तणनाशकावर सगळा भार टाकल्यामुळे त्याला न जुमानणारी तणं तयार झाली आणि मग डबे वाढत गेले. कोकणातही एका हंगामात एकाने मारलं, दुसऱ्या हंगामात त्याच मात्रेने भागलं नाही, अशी वेळ यायला फार वर्षं लागणार नाहीत.

माझं मत असं: नांगर थांबवणं ही या पद्धतीची खरी कमाई आहे आणि ती सोडू नये. तणनाशक ही कुबडी आहे. पहिली दोन-तीन वर्षं ती लागत असेल, तर ती कधी टाकायची याची तारीखही आजच ठरवायला हवी. वाट बंद नाही. आंध्र प्रदेशात २०१६ पासून रायतु साधिकार संस्थेमार्फत सरकारी पाठबळावर चाललेल्या नैसर्गिक शेतीच्या कामात पावसाआधीच अनेक पिकांचं मिश्र बियाणं कोरड्यात पेरतात. मुख्य पिकाआधी जमीन हिरवी झाकली की तणाला जागाच उरत नाही. कोकणात ताग किंवा धैंचा वाफ्याच्या माथ्यावर वाढवून, आडवा करून, त्यातून भोकं पाडता येतील. पेंढा मात्र इथे गुरांना जातो, आच्छादनाला उरत नाही. म्हणून हा प्रश्न शेतीइतकाच गोठ्याचाही आहे.

माणसांचं काय बदललं

कर्जत-नेरळ हा मध्य रेल्वेच्या लोकलचा पट्टा. घरटी एक माणूस मुंबई-ठाण्याला कामाला. शेती उरते ती म्हाताऱ्यांच्या आणि बायकांच्या अंगावर. लावणीला रजा मिळाली नाही की खाचर पडीक राहतं. दोन-तीन वर्षं पडीक राहिलं की बांध ढासळतो, आणि मग एक दिवस दलाल दारात येऊन बसतो. फार्महाउसांच्या कुंपणांत गेलेली कितीतरी खाचरं अशीच गेली. शेती तोट्याची होती हे कारण सगळे देतात. मला वाटतं त्याहून मोठं कारण जुलैतले ते पंधरा दिवस होते. पेरणी चार माणसांनी रविवारी उरकता येत असेल तर जमीन राखण्याचा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागत नाही.

सगळ्यात मोठा दिलासा बायकांना. भाताची लावणी म्हणजे दिवसभर कमरेतून वाकून, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिक घेऊन, मागे-मागे सरकत राहणं. या कष्टाची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर नाही.

मात्र याच कष्टावर कोणाची तरी मजुरीही होती. ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या बायांना लावणीचे दिवस म्हणजे पावसाळ्यातलं हक्काचं रोख उत्पन्न. दिवाळीनंतर त्यांतली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. लावणी गेली आणि त्याजागी काही आलं नाही, तर शेतकऱ्याची बचत म्हणजे वाडीचा तोटा. भरपाई होण्याची शक्यता एकाच ठिकाणी आहे: दुसऱ्या पिकात. भात लवकर निघतं, जमिनीत ओल असते, नांगरणीची वाट पाहायची नसते, त्यामुळे वाल, मूग, भाजी यांची तोडणी-वेचणी हिवाळाभर चालते. ते पीक खरोखर घेतलं गेलं तरच वाडीतल्या कुटुंबाला भट्टीऐवजी गावात थांबायला कारण मिळेल. म्हणून या प्रकरणाचं यश मोजताना एकरी भाताच्या उताऱ्याइतकाच जानेवारीत हिरवा राहिलेला वाफा मोजायला हवा.

वालाचं महत्त्व तर इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, हे झालं पुस्तकातलं. थंडीत भांबुर्ड्याचा पाला कोंबून, वालाच्या शेंगांचं मडकं उपडं ठेवून लावलेली पोपटी, हे झालं आमचं.

घाटावर

भातातून ही कल्पना घाट ओलांडून गेली. जागतिक बँकेच्या कर्जावर उभ्या राहिलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने २०१८ नंतर मराठवाडा-विदर्भातल्या गावांत कापूस, सोयाबीन, मका अशा पिकांसाठी कायम गादीवाफे आणि शून्य मशागत पुढे आणली. तिथलं दुखणं वेगळं: पाऊस कमी आणि तोही दोन-चार झडींत. काळ्या जमिनीत सरीतून जादा पाणी निघून जाणं आणि वाफ्यात ओल टिकणं, दोन्ही कामाला येतात. पण तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळं लिहायला हवं.

मोजायचं कसं

जमीन सुधारली असं प्रत्येक जण म्हणतो. ते दाखवायला महागडं काही लागत नाही. एकाच शेतकऱ्याची, एकाच बांधालगतची दोन खाचरं घ्यावीत, एक चिखलणीचं आणि एक वाफ्यांचं. वाण एकच, म्हणजे कर्जत-३ तर दोन्हीकडे कर्जत-३. दरवर्षी एकाच महिन्यात, एकाच जागेवरून, एकाच खोलीवरून मातीचा नमुना सेंद्रिय कर्बासाठी द्यावा. वरच्या पंधरा सेंटिमीटरचा वेगळा, त्याखालचा वेगळा. नाहीतर वरच्या थरात साचलेला कर्ब पाहून आपण उगाच खूश होतो. दोन्ही खाचरांतलं वाळलेलं ढेकूळ काचेच्या भांड्यातल्या पाण्यात जाळीवर ठेवावं आणि कुठलं आधी विरघळून बसतं ते मुलांना पाहू द्यावं. दोन्ही बाजू उघडलेला पत्र्याचा डबा अर्धा जमिनीत ठोकून त्यात लिटरभर पाणी ओतावं, जिरायला किती मिनिटं लागली ते लिहावं. फावडंभर मातीतली गांडुळं मोजावीत. वहीत मजुरीच्या दिवसांचे दोन रकाने ठेवावेत, घरच्यांचे वेगळे आणि वाडीतल्यांचे वेगळे. आणि तिसरा रकाना तणनाशकाचा: किती मिलिलिटर, कोणी मारलं, हातमोजे होते का.

ही वही पाच पावसाळे चालली पाहिजे. गेल्या जूनमध्ये आमच्या वाटणीतल्या एका तुकड्यावर वाफे पाडले आहेत. शेजारचा तुकडा चुलतभावाने चिखलणीचाच ठेवला आहे. वहीची पहिली पानं भरली आहेत, आणि तिसऱ्या रकान्यातला पहिला आकडा आमच्याच हातचा आहे.